एचिझेनच्या कागदगावात पहिल्यांदा जाताना

जपानची सहल आखताना कागदाच्या गावासाठी लोक फार तर अर्धा दिवस राखून ठेवतात. बसमधून उतरायचं, साच्यात लगदा घेऊन एक कागद काढायचा, दुकानातून चार पानं घ्यायची आणि पुढच्या गाडीने निघायचं. पहिल्या खेपेला मीही तसंच केलं आणि हाती आठवणीपेक्षा पिशवीच जास्त आली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा क्रम बदलला. आधी गावातलं पाणी आणि देऊळ पाहिलं, मग कारागिराचं काम, मग स्वतःचे हात ओले केले आणि खरेदी अगदी शेवटी ठेवली. त्यासाठी तिथे एक रात्र काढली. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम धरावा, असं मी आग्रहाने सांगेन. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

जपानी हातकागदाला 'वाशी' म्हणतात. उच्चार थेट नवी मुंबईतल्या वाशीसारखा. 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. हा शब्द तुम्हाला पाट्यांवर, बसच्या थांब्यावर, सगळीकडे ऐकू-दिसू येईल.

गाव कोणतं निवडायचं

युनेस्कोने २०१४ साली वाशीची नोंद केली ती तीन ठिकाणांच्या कागदासाठी: गिफू प्रांतातला मिनोचा, सायतामा प्रांतातल्या ओगावा आणि हिगाशी-चिचिबूचा, आणि शिमाने प्रांतातल्या हामादाचा. टोकियोत मुक्काम असेल आणि वेळ एकाच दिवसाचा असेल, तर ओगावा सर्वांत सोयीचं. जुन्या व्यापारी घरांची गल्लीही पाहायची असेल तर मिनो.

मी मात्र फुकुई प्रांतातल्या एचिझेनला जा म्हणेन. तिथे कागद हे एखाद्या घराचं वैशिष्ट्य नाही, पाच वस्त्यांचा मिळून तो धंदा आहे. ओताकी, इवामोतो, ओइझु, सादातोमो आणि शिनझाइके या त्या पाच वस्त्या. त्यांना एकत्र 'गोका' म्हणतात, आपण पंचक्रोशी म्हणतो तसं. १६६१ साली फुकुई संस्थानाने काढलेल्या नोटांचा कागद इथला होता आणि १८६८ साली नव्या मेइजी सरकारने देशभरासाठी पहिल्या नोटा काढल्या, त्यांचाही. आजही भिंतीएवढ्या चित्रकागदापासून भेटकार्डापर्यंत सगळं इथे होतं.

नाव नीट वाचा

ही चूक फार जण करतात, म्हणून वेगळी सांगतो. एचिझेन नावाचं एक शहर आहे आणि एचिझेन नावाचंच एक वेगळं नगर आहे. समुद्रकाठचं नगर खेकड्यांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कागद आहे तो एचिझेन शहरात, आणि तोही शहराच्या पूर्वेकडच्या, पूर्वी इमादाते म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात. ताकेफू आणि इमादाते एकत्र करून २००५ साली हे शहर झालं, त्यामुळे जुनी माणसं अजून 'ताकेफू' म्हणतात आणि रेल्वे स्थानकाचं नावही तेच आहे. फोनवर शोधताना 'एचिझेन वाशी नो सातो' असं पूर्ण नाव टाका. 'सातो' म्हणजे गाव, आणि त्यातही आपलं गाव म्हणताना जो जिव्हाळा असतो तो त्यात आहे.

कधी जायचं

कागदाचा खरा हंगाम हिवाळा. त्याचं कारण पुढे प्रक्रियेत येईल. पण फुकुईत जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ भरपूर पडतो, बस उशिरा धावते आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याचा ताण होतो. बर्फातून चालायची सवय नसेल तर नोव्हेंबरचा शेवट किंवा मार्च गाठा.

दुसरा चांगला काळ मेचे पहिले दिवस. ३ ते ५ मे या दिवसांत कागददेवीचा उत्सव असतो. डोंगरावरच्या देवळातून देवीची पालखी खाली येते आणि पाची वस्त्यांतून फिरते. आपल्या ग्रामदैवताच्या पालखीसारखाच तो सोहळा असतो. मात्र हे दिवस जपानच्या मोठ्या सुट्ट्यांचे, त्यामुळे राहायची खोली काही महिने आधी धरावी लागते.

तिसरा काळ ऑक्टोबरचा. २०१५ पासून या परिसरातले कारखाने आणि कार्यशाळा 'रिन्यू' नावाच्या उपक्रमात काही दिवस लोकांसाठी दारं उघडतात. कागदाबरोबर लाखेची भांडी, सुऱ्या, चष्म्याच्या फ्रेम्स, असं सगळं एकाच फेरीत पाहता येतं. एरवी बंद असणारी दारंही या दिवसांत उघडतात. ओळखपाळख नसलेल्या प्रवाशासाठी याहून सोपी वेळ नाही.

आणि मंगळवार टाळा. वाशी नो सातोमधली संग्रहालयं आणि कार्यशाळा मंगळवारी बंद असतात. नववर्षाच्या सुट्टीतही बंद असतात.

पोचायचं कसं

मार्च २०२४ मध्ये होकुरिकु शिनकानसेन, म्हणजे त्या भागातली बुलेट ट्रेन, त्सुरुगापर्यंत आली आणि एचिझेन-ताकेफू हे नवं स्थानक झालं. टोकियोहून तिथे सुमारे तीन तासांत पोचता येतं. या स्थानकावर प्रत्येक गाडी थांबत नाही, तेवढं तिकीट काढताना पाहा. क्योतो किंवा ओसाकाहून 'थंडरबर्ड' गाडीने त्सुरुगाला यायचं आणि तिथे शिनकानसेन बदलायची. त्सुरुगाला गाडी बदलायला फार वेळ मिळत नाही, फलाट वरखाली आहेत, मोठी बॅग असेल तर उद्वाहकाच्या जवळच्या डब्यातून उतरा.

नवं स्थानक आणि जुनं ताकेफू स्थानक ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. त्यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे. नव्या स्थानकावरून गावाला जायला टॅक्सी हा सरळ मार्ग, साधारण पाव तास लागतो. जुन्या ताकेफू स्थानकासमोरून बस मिळते, तिला अर्धा तास लागतो आणि ती 'वाशी नो सातो' थांब्यावर सोडते. बस दिवसातून मोजक्याच असतात. उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, हे काम संध्याकाळवर टाकू नका.

ज्यांच्याकडे परदेशी प्रवाशांचा रेल्वे पास आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिनकानसेन आल्यावर ताकेफूवरून जाणारी जुनी लाइन 'हापी-लाइन' या वेगळ्या कंपनीकडे गेली. फुकुईहून ताकेफूला त्या गाडीने आलात तर पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं.

राहण्यासाठी जुन्या ताकेफू स्थानकाजवळची साधी हॉटेलं पुरतात.

आधी देऊळ

गावात पोचल्यावर पाय आपोआप दुकानाकडे वळतात. त्यांना आवरा आणि ओताकीच्या दिशेने चालू लागा. रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट आहेत, उन्हाळ्यातही हात घातला तर गारवा जाणवतो. हे पाणी पाहणं हाच पहिला टप्पा.

वस्तीच्या टोकाला, उंच सुरूसारख्या सुगी वृक्षांच्या सावलीत ओकामोतो-ओताकी देऊळ आहे. आज दिसणारी इमारत १८४३ सालची. हिनोकी झाडाच्या सालींचं तिचं छप्पर एकावर एक लाटा याव्यात तसं चढत जातं, आणि लाकडावरचं कोरीवकाम बघता बघता मान दुखते. इथली देवी म्हणजे कावाकामी गोझेन, 'नदीच्या वरच्या अंगाची बाई'. तिची गोष्ट गावातलं प्रत्येक मूल सांगू शकतं. सुमारे १५०० वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला एक बाई प्रकटली. ती म्हणाली, या खोऱ्यात शेतं कमी आहेत पण पाणी निर्मळ आहे, तेव्हा कागद करून पोट भरा. मग तिने आपलं वस्त्र काठीवर टांगलं आणि कागद करायचं शिकवलं. ही दंतकथा आहे. पण शेत कमी आणि पाणी चांगलं हे तिचं निदान आजही तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं: दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे चिंचोळी पट्टी.

नमस्काराची रीत सोपी आहे. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं.

कागद कसा होतो, ते समजून मगच बघायला जा

वाशी नो सातोमध्ये तीन जागा एका छोट्या पायवाटेवर आहेत. कागदाचं संग्रहालय, 'उदात्सु' नावाचं कारागिराचं जुनं घर आणि 'पॅपिरस' ही प्रवाशांसाठीची कार्यशाळा. या तिन्हींपैकी उदात्सुला सर्वांत जास्त वेळ द्या. १८व्या शतकातलं, कागद करणाऱ्या कुटुंबाचं हे घर तिथे आणून पुन्हा उभं केलं आहे आणि आत कारागीर जुन्या अवजारांनी रोज काम करतात. आपण काचेपलीकडून नाही, दोन हातांवरून बघत असतो.

पण काय बघायचं ते माहीत नसेल तर ते नुसतं पाणी हलवणं वाटतं. म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

हा कागद होतो तो झुडपांच्या सालीचा. कोझो, मित्सुमाता आणि गांपी अशी तीन झुडपं. कोझो तुतीच्या कुळातली, तिचा धागा सर्वांत लांब, साधारण १० मिलिमीटर. आपल्या वहीच्या कागदात लाकडाचा जो धागा असतो तो याच्या कितीतरी आखूड. वाशी पातळ असूनही फाटत नाही, ते या लांबीमुळे. पानं गळाल्यावर हिवाळ्यात फांद्या तोडतात, वाफवतात, साल सोलतात, वरचं काळं खरवडतात आणि आतली पांढरी साल वाळवतात. एचिझेनमध्ये ती बाहेरच्या प्रांतांतून वाळलेली येते, चांगल्यातली चांगली इबाराकीतून.

इथे ती साल अल्कलीच्या पाण्यात शिजवतात आणि वाहत्या पाण्यात धुतात. मग येतं ते काम, ज्याच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. गार पाण्यात शिजलेली साल धरून बोटांनी तिच्यातला एकेक डाग, एकेक काळा कण वेचायचा. त्याला 'चिरी-तोरी' म्हणतात. आपल्याकडे आजी परातीत तांदूळ निवडायला बसते, तीच मान, तीच नजर. फक्त परातीच्या जागी हिवाळ्यातलं पाणी. यंत्राने हे जमत नाही, औषध घालून पांढरं केलं तर धागा कमजोर होतो. कागदाची किंमत पुढे दुकानात पाहाल तेव्हा हे बसलेले हात आठवावेत म्हणून खरेदी शेवटी ठेवायची.

त्यानंतर साल कुटून धागे सुटे करतात आणि हौदातल्या पाण्यात सोडतात. त्यात 'नेरी' मिसळतात, म्हणजे तोरोरो-आओइ या झाडाच्या मुळांचा चिकट रस. हे झाड आपल्या भेंडीचं सख्खं भावंड आहे, फूलसुद्धा तसंच, पिवळं आणि मधे गडद. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस स्वच्छ करायला भेंडीचा चिकटा घालतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना नेरीची बादली लगेच ओळखीची वाटेल. इथे मात्र तिचं काम निराळं. नेरी कागद चिकटवत नाही. ती पाणी दाटसर करते, त्यामुळे लांब धागे गुंतून गोळा न होता तरंगत राहतात आणि चाळणीतून पाणी सावकाश उतरतं. कारागिराला साचा हलवायला वेळ मिळतो तो तिच्यामुळे. ऊब लागली की नेरीचा चिकटपणा जातो. हिवाळा हा कागदाचा हंगाम का, त्याचं हे उत्तर.

आता साचा पाहा. लाकडी चौकट म्हणजे 'केता', आणि तिच्यात बसणारी बांबूच्या बारीक काड्यांची चटई म्हणजे 'सु'. पहिलं पाणी झटकन घेऊन पूर्ण चटईवर पसरतात आणि जादाचं टाकून देतात, चटईवर उरलेला पातळ थर ही कागदाची वरची बाजू. नंतर खोलवर बुडवून घेतलेलं पाणी पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवत राहतात. शेवटचं पाणी झटका देऊन पलीकडे फेकतात, त्याबरोबर उरलेला कचरा जातो. या पद्धतीला 'नागाशी-झुकी' म्हणतात. कान उघडे ठेवा, पाण्याचा आवाज एका लयीत येतो आणि लय बदलली की कागदाची जाडी बदलते.

मग चटई उलटून ओला कागद आधीच्या ओल्या कागदावर ठेवतात. मधे कापड नाही, काही नाही. शेकडो कागद एकावर एक चढतात आणि दाबल्यानंतर एकेक अलगद सुटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हीही नेरीची आणि लांब धाग्याची करामत. शेवटी फळ्यांवर ब्रशने पसरून वाळवतात, इथे त्यासाठी गिंकोच्या लाकडाच्या फळ्या वापरायची रीत आहे.

कारागिराच्या दारात

ओताकीत फिरताना घराघरांतून पाण्याचा आवाज येतो आणि आत डोकवावंसं वाटतं. डोकावू नका. कार्यशाळा आणि राहतं घर बहुधा एकच असतं. काही कार्यशाळा भेटीसाठी खुल्या आहेत, पण आधी कळवून. वाशी नो सातोच्या खिडकीवर किंवा हॉटेलातून विचारून घ्या. शब्द लक्षात ठेवा: 'केनगाकु' म्हणजे बघायला येणं, 'ताइकेन' म्हणजे स्वतः करून बघणं. दोन्हींसाठी वेगळी वेळ आणि वेगळे पैसे असतात.

इथल्या पारंपरिक 'होशो' कागदासाठी नववे इवानो इचिबेइ यांना २००० साली जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. त्यांच्या कागदावर लाकडी ठशांची चित्रं छापणारे जगभर आहेत. त्यांच्या घरासमोर जाऊन फोटो काढावा, अशी इच्छा होते. ती आवरा, त्यांचा कागद दुकानात बघा.

आत गेल्यावर ओल्या कागदांच्या थप्पीला हात लावू नये, तिच्यावर वाकू नये. कारागीर साचा हलवत असताना प्रश्न विचारू नये, चटई उलटून झाली की विचारावा. हाताला तेल, क्रीम नको. अत्तर टाळा. जमीन ओली असते, चामड्याचे बूट नकोत. फोटोआधी 'शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?' एवढं विचारा, आणि फ्लॅश बंद. निघताना 'आरिगातो गोझाइमाशिता' म्हणून थोडं वाका. घरून काही न्यायचं असेल तर खोक्यातली, तुपाचे हात न होणारी कोरडी मिठाई न्या, चिक्की उत्तम.

आता तुमचे हात

पॅपिरसमध्ये छोटा कागद किंवा कार्ड करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि वाळलेला कागद त्याच दिवशी हातात मिळतो. एकट्यादुकट्याला बहुधा लगेच सामावून घेतात, मोठा गट असेल तर आधी कळवा. इथे बहुतेक वेळा साचा एकदा बुडवून पाणी गळू द्यायची सोपी पद्धत असते. आपल्याकडचा हातकागदही साधारण असाच उचलतात. ज्यांनी पुण्यात शिवाजीनगरच्या १९४० पासूनच्या हातकागद संस्थेत हे पाहिलं असेल त्यांना ओळख पटेल.

पाकळ्या, रंग, सोनेरी कण असं बरंच काही समोर ठेवतात. माझं ऐकाल तर पहिला कागद कोराच काढा. जाडी कुठे कमी पडली, कुठे लगदा साचला हे कोऱ्यातच दिसतं. दुसऱ्या कागदावर हवी तेवढी फुलं घाला. बाह्या कोपरापर्यंत वर जातील असा सदरा घाला आणि अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, चटईत अडकतात.

उदात्सुमधल्यासारखी खरी नागाशी-झुकी शिकायची असेल तर तशी लांब शिकवणी आधी ठरवून मिळू शकते. एका दिवसात एक धड पान जमलं तरी पुष्कळ.

खाण्याचं

फुकुईचा मानाचा पदार्थ ओरोशी सोबा. कुट्टूच्या पिठाच्या गार शेवयांवर किसलेला मुळा. मुळ्याचा झणका आपल्या जिभेला आवडतो. पण शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावं, रश्शात आणि वर भुरभुरलेल्या पापुद्र्यांत मासा असतो. पापुद्रे काढून टाकले तरी रस्सा राहतोच. शुद्ध शाकाहार पाळणाऱ्यांनी डबा घेऊनच गावात जावं, आसपास पर्याय फारसे नाहीत.

खरेदी

आता दुकान. पहिला प्रश्न: 'ते-सुकी देस का?' म्हणजे हातचा आहे का. यंत्राची वाशीही तिथेच, शेजारी, तितकीच देखणी ठेवलेली असते आणि पुष्कळ कामांसाठी ती चांगलीच असते, पण काय घेतो ते माहीत असावं. दुसरा प्रश्न धाग्याचा: निव्वळ कोझो आहे, की लाकडाचा लगदा मिसळला आहे. मग पान उजेडासमोर धरा. बांबूच्या काड्यांच्या रेघा, ढगासारखे पसरलेले लांब धागे दिसतील. न कापलेल्या कडेला जपानीत 'मिमी' म्हणजे कान म्हणतात, ती पिसासारखी विरळ होत जाते.

होशो जाडसर, मऊ, ठशांच्या छपाईचा. 'तोरिनोको' म्हणजे अंड्याच्या कवचाच्या रंगाचा, गुळगुळीत, लिखाणाचा. पातळ कोझोचा कागद जगभर जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायला वापरतात, घरी जीर्ण पोथी असेल तर तो घ्या, पण डकवायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. घासाघीस करू नये. रोख येन जवळ असू द्या.

पानं घडी न घालता नळीत गुंडाळून मागा आणि नळी हातातल्या सामानात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा कागद दमट भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि कसरीपासून जपा. वाशीवर लिहायला बसाल तेव्हा आधी कडेच्या तुकड्यावर शाई लावून बघा. होशोसारखा कोरा कागद शाई चटकन ओढून घेतो आणि अक्षर फुटतं. अक्षर फुटू नये म्हणून जो लेप देतात तो तुरटी आणि प्राण्यांपासून काढलेल्या सरसाचा असतो. तो नको असेल तर पेन्सिल किंवा जवळजवळ कोरडा कुंचला वापरा.